व्याख्यानातली झोप
कूलरला नवा वाळा लावून पाणी सोडलं की त्या ओल्या वासाबरोबर मला अमरावतीतला तो इंग्रजांच्या काळातला बंगला आठवतो. आई तेव्हा वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. एका रविवारी बहीण आली आणि म्हणाली, "आईपाशी मी आहो. तू जाय, जरा मोकळी होऊन ये." बंगला नुकताच लोकांसाठी खुला झाला होता आणि त्या दुपारी तिथे जुन्या शहरावर व्याख्यान होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत उंच छत, आणि साहेबाच्या काळी असत तसे दारांना वाळ्याचे ओले पडदे. वक्त्यांनी नमस्कार केला, एवढंच मी ऐकलं. जाग आली तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. मी शरमून उठले, तर तिथे झाडलोट करणारी बाई म्हणाली, "लोकं म्हणे, उठवा. मी म्हटलं, काहून उठवाचं? थकली असन बाई." घरी बहिणीने व्याख्यानाचं विचारलं; मी "फार छान झालं" म्हणाले आणि आईची चादर बदलायला घेतली. आता आई नाही, दुपारी हाक मारणारं कोणी नाही. तरी तशी झोप मला पुन्हा लागलेली नाही.