कोंबडा छाप चहा आणि मेसोदचं अक्षर

मेसोद बेनझाकेनच्या घरात भिंतीवर दोनच गोष्टी टांगलेल्या होत्या. एक सासऱ्यांचा फोटो, आणि दुसरा, त्याहून मोठ्या चौकटीत, वकिलातीचा दाखला. मेसोद, त्याची बायको आणि मुलं अमुक एका राज्याच्या आश्रयाखाली आहेत, असं त्यावर लिहिलेलं होतं. राज्याचं नाव सांगत नाही. ते इतकं चिमुकलं, की टँजियरच्या बंदरात त्याचं जहाज वर्षातून एकदा लागे आणि तेही बहुधा वाट चुकून. पण दाखला असला की सुलतानाचा शिपाई दारात येत नसे, आणि कुणाला खटला भरायचाच असेल तर तो त्या राज्याच्या कॉन्सलपुढे, म्हणजे वकिलातीच्या साहेबांपुढे, भरावा लागे. अशा दाखल्यासाठी निम्मं शहर वकिलातींचे उंबरे झिजवत होतं. मेसोदला तो निव्वळ अक्षरावर मिळाला होता.

अक्षर होतंच तसं. बावीस वर्षं तो वकिलातीत फ्रेंच खलित्यांच्या नकला करत होता. ‘सादर करण्याचा सन्मान मला लाभत आहे’ यातला ‘सन्मान’ तो असा काही वळवून लिही, की वाचणाऱ्याला वाटावं, खरंच कुणाला तरी सन्मान लाभला.

“मी मजकूर वाचत नाही,” तो शेजाऱ्यांना ऐटीत सांगे. “वाचायला लागलं की अक्षर बिघडतं. हात कचेरीत, डोकं घरी.”

“घरी?” आतून त्याची बायको सिमी विचारी. “घरी तर मला ते कधी सापडलं नाही!”

सिमी हिरवा चहा विकायची. पेट्यांतला चहा पुड्यांत भरायचा आणि पुडीवर कोंबड्याचा ठसा मारायचा. ठसा तिच्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी ऑलिव्हच्या लाकडात कोरलेला. कोरताना चाकू घसरला, म्हणून शेपटीचं शेवटचं पीस आखूड. डोंगरातून येणाऱ्या गिऱ्हाइकांना कुठलीच लिपी वाचता येत नसे. ती तिला मानाने लाल्ला म्हणत आणि नुसतं सांगत, “लाल्ला सिमी, कोंबडा दे.” पीस आखूड नसलेला कोंबडा कुणी दाखवला तर हात लावत नसत. अख्खं दुकान त्या एका पिसावर उभं होतं.

एकोणीसशे दोनच्या वसंतात वकिलातीचा पहारेकरी आयाद दुकानात समन्स घेऊन आला. पिनक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने लंडनमध्ये कोंबडा स्वतःच्या नावावर नोंदवला होता. सिमीने ठसा जमा करावा आणि पुड्या जाळाव्यात, अशी त्याची मागणी होती. सोबत नमुना म्हणून त्याची छापील पुडी होती. सिमीने ती उजेडात धरली. कोंबड्याचं शेवटचं पीस आखूड होतं.

“चोराने चाकू घसरलेलासुद्धा सोडला नाही!” ती म्हणाली. “आणि हे कुठल्या कायद्याने, आयाद?”

“इंग्रजांच्या आणि आपल्या वकिलातीच्या सरकारांत पत्रापत्री झाली, लाल्ला. गेल्याच महिन्यात.”

दुसऱ्या दिवशी मेसोदने कचेरीत नकलांची वही काढली. पत्र होतंच. या देशात आपापल्या कॉन्सलच्या कोर्टात एकमेकांच्या नोंदलेल्या छापांचं रक्षण करू, असा शब्द दोन्ही सरकारांनी एकमेकांना दिला होता. खाली दोन सह्या, वर मेसोदचं अक्षर. सुरुवातीच्या वेलबुट्टीदार अक्षराबद्दल कॉन्सलसाहेबांनी त्या दिवशी त्याची पाठ थोपटली होती, तेही आठवलं.

घरी येऊन त्याने सांगितलं.

“म्हणजे तूच लिहून दिलंस,” सिमी म्हणाली.

“लिहिलं नाही गं, नक्कल केली.”

“वा, माझ्या राजा! खाटकाच्या सुरीलाही बोलता आलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं.”

मेसोद साहेबांकडे गेला, आखूड पिसाची हकीगत सांगितली.

“नोंदणी कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“नोंदणी नाही, साहेब. सासरे होते.”

“मेसोद, दोन राष्ट्रांची मैत्री एका कोंबड्यापायी धोक्यात घालायची?”

“तेच म्हणतो, साहेब. मग त्यांना सांगा ना कोंबडा सोडायला.”

साहेबांनी हे ऐकलं नाही. अशा वेळी ऐकू न येण्याचा त्यांना मोठा सराव होता.

शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शब्बाथला, दुपारी आदफिनाच्या कालवणाचं भांडं उघडलं. शुक्रवारपासून मंद आचेवर ठेवलेली अंडी छान तपकिरी झाली होती, पण मेसोद एकच अंडं कितीतरी वेळ सोलत बसला.

“तो दाखला नसता तर पिनकला कुठे जावं लागलं असतं?” सिमीने विचारलं.

“शनिवारी धंद्याचं बोलू नये.”

“धंद्याचं नाही, भिंतीचं बोलतेय. कुठे?”

“पाशाकडे. सुलतानाच्या सुभेदाराकडे.”

“पाशाने त्या पत्रांवर सही केलीय?”

“त्याला कुणी विचारलंच नाही.”

“मग संध्याकाळी तारे दिसून शब्बाथ संपला की चौकट उतरव.”

मेसोदने हातातलं अंडं खाली ठेवलं. “सिमी, लोक दाखल्यासाठी पोरी देतात!”

“देऊ देत. मी कोंबडा देणार नाही.”

सोमवारी तो दाखला काखेत मारून कचेरीत गेला. साहेब हबकले. दाखला मागायचे अर्ज कपाटभर होते, परत करायचा नमुनाच नव्हता! पत्र नव्याने लिहावं लागणार होतं, आणि ते सुवाच्य लिहिणारा माणूस साऱ्या वकिलातीत एकच. ‘मेसोद बेनझाकेन यांचा आश्रय संपुष्टात आल्याचे कळवण्याचा सन्मान मला लाभत आहे.’ बावीस वर्षांत त्याने पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचला. अक्षर खरंच थोडं बिघडलं. बिनआश्रयाच्या माणसाला कचेरीत खुर्ची नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत नोकरीही गेली.

पिनक पत्रांची चळत घेऊन पाशाकडे गेला. पाशाच्या कारकुनाने एकेक कागद उलटून पाहिला.

“यात आमची सही कुठे आहे?”

“नाही. पण दोन महान राष्ट्रांनी...”

“आमच्या गावाबद्दल तुम्ही दोघं आपसांत बोललात. छान. मग निवाडाही आपसांतच करा.”

कोंबडा दुकानातच राहिला. सुलतानाचा शिपाई मात्र आता दारात येतो, घटकाभर बसतो, पुदिना घातलेला चहा पितो आणि जाताना एक पुडी खिशात घालतो. दाखल्याची चौकट गेली, तरी भिंतीवरची तिची जागा सिमीने रिकामीच ठेवलीय, मेसोदच्या डोळ्यांसमोर.

वकिलातीतल्या नव्या कारकुनाचं अक्षर कोंबड्याने माती उकरल्यासारखं आहे. त्यामुळे महत्त्वाचे मसुदे आयाद मागच्या दाराने दुकानात आणून देतो. मेसोद लगेच टाक पुसायला घेतो.

“थांब,” सिमी पुड्या बांधता बांधता म्हणते. “आधी मोठ्याने वाच.”