देवाच्या नारळांचा कोळसा

आप्पा कंपाउंडरचे हात कायम काळे. औषध देणाऱ्या माणसाचे असे हात बघून परगावचे यात्रेकरू बाटली घ्यायला बिचकत. मी नाशिककडून लग्न होऊन तापीकाठच्या प्रकाशा गावी आले, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आप्पा हसले. "वयनी, हात काया शेतस, पन पानी नितय शे."

पावसाळ्यात तापीचं पाणी म्हणजे नुसता गाळ, आणि वर कुजक्या पाल्याचा वास. आप्पा महादेवाच्या देवळातून फोडलेल्या नारळांच्या करवंट्या गोळा करत, डब्यात कोंडून जाळत आणि तो कोळसा कुटून, धुऊन मडक्यात भरत. त्याखाली वाळूचं मडकं, त्याच्या खाली कोरं. त्यात ठिबकलेलं पाणी खरंच गोड लागे. महिना झाला की स्वारी कोळसा बदलायला घरोघर हजर. एखादीनं जुनाच ठेवला असेल तर तिची धडगत नसे.

आधी कोणी त्या पाण्याला शिवेना. कोळशातलं पाणी म्हणजे मसणातलं, म्हणे! मग देवळापाशी कोणीतरी बोललं, "अरे, हाऊ ते देवना नारयना कोयसा शे!" झालं. बाया मडक्यांना हळदकुंकू वाहायला लागल्या. मी आप्पांना म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" ते म्हणाले, "पेतस ना? मंग ऱ्हाऊ द्या."

एक गोष्ट मात्र ते कोळसा बदलताना दर वेळी बजावत. "आधी पानी उकाया, मंग गाया. कोयसाघाई वास जास, रोग नही जास." बाया मान डोलवत आणि घागर न उकळता तशीच ओतत.

त्या वर्षी श्रावणात पटकी आली. झड लागलेली, लाकडं ओली, चूल पेटता पेटेना. मी आधण ठेवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "देवनं पानी कोनी उकायस का वं?" त्यांनी नदीचं पाणी तसंच मडक्यात ओतलं. मी बघत उभी राहिले. खरं सांगते, धुरानं डोळे चुरचुरत होते, मलाही ते बरंच वाटलं.

माझी सुमी तीन वर्षांची होती. सकाळी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी ती गेली. आप्पा दिवसभर तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होते. गावात त्या पंधरवड्यात कोणी कोणाचे डोळे पुसायचे हेच कळत नव्हतं.

पटकी ओसरल्यावर आप्पांनी दवाखान्यातली नोकरी सोडली. चिंचपाड्याकडे बहिणीच्या घरी निघाले होते. जाताना दारात आले, आत आले नाहीत.

"मी खोटं नही बोलनू, वयनी," ते म्हणाले. "पन लोकेस्नी खोटं खरं मानी लिधं, तवय मी गप ऱ्हायनू."

मग ते तसेच उभे राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं. 'आप्पा, मीसुद्धा गप्प राहिले होते,' एवढं म्हटलं असतं तर तो माणूस जरा हलका होऊन गेला असता. त्यांनी बजावलेलं मला तोंडपाठ होतं. पण मी पदर तोंडाशी धरला आणि एक अक्षर बोलले नाही. माझा वाटासुद्धा आप्पाच घेऊन गेले.