राग दाखव बघू

"रडकं तोंड दाखवून जाऊ नकोस पोरीला. हसून जा," आईने बजावलं होतं. म्हणून आईच्या वारज्याच्या फ्लॅटच्या दारात मी पाच महिन्यांच्या ओवीकडे बघून हसले. तीही हसली, अख्खं बोळकं उघडून. चांदणी चौक मागे पडल्यावर मी रडून घेतलं.

डब्लिनमध्ये आम्हा दोघा नवराबायकोच्या नोकऱ्या नव्या, बाळाला सांभाळायला कोणी नाही. वर्षभराचाच तर प्रश्न, असं सगळेच म्हणाले. जे असे गेलेत त्यांना माहीत आहे, असली वर्षं किती लांबतात. लंचब्रेकमध्ये मी व्हिडिओ कॉलवर गाल फुगवायचे, भुवया उडवायचे. कॅन्टीनमधले बघायचे, बघू देत. आधी ओवी खिदळायची. पुढे माझ्या तोंडापेक्षा तिला फोनच्या कव्हरमध्ये जास्त रस वाटू लागला.

तिला न्यायला आले तेव्हा ती आजीच्या गाऊनआड लपली. "ओवी, राग दाखव बघू," आई म्हणाली. ओवीने नाक आक्रसून फूंफूं केलं. मग "गोड कशी हसते?" म्हटल्यावर मान वाकडी करून हसली. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, तर त्यांनाही तिने अगदी हेच करून दाखवलं.

खरा राग होता तो आजीसाठी. भात नको म्हणून ती आजीला फटके मारायची, भोकाड पसरायची आणि रडतरडत तिच्याच कुशीत शिरायची. मी भरवलं की निमूट खायची. "तुझ्याजवळ कशी शहाण्यासारखी वागते गं!" आई कौतुकाने म्हणाली. मी पुढचा घास कालवला.

निघताना आई दारात हसत उभी राहिली. स्वतःचा नियम तिने पाळला. ओवीही तिच्याकडे बघून हसली.

आता ओवी इथे डब्लिनमध्ये आहे. पाळणाघरातल्या बाई म्हणतात, इतकं शांत मूल पाहिलं नाही. मला ते ऐकवत नाही. घर म्हणजे जिथे मनासारखं रागावता येतं ती जागा, आणि ती वारज्यात राहिली. संध्याकाळी स्क्रीनवर आजी दिसली की ओवी फोनला फटके मारते, भोकाड पसरते. कॉल संपला की मला डोळे पुसू देते. मग कुणी काही न सांगता मान वाकडी करून मला गोड हसून दाखवते.