चावी देतानाचा फोटो

माझा स्टुडिओ पेणला आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी आणि पासपोर्टचे फोटो, यांवर तो चालतो. मोटरसायकलचा फोटो मी कधी मुद्दाम काढला नव्हता. पण रोह्याजवळ आमच्या गावी राहणाऱ्या धाकट्या भावाने बाबांची जुनी मोटरसायकल कापून तिची वेगळीच गाडी बांधली आणि गाड्यांच्या एका मासिकाने तिचे फोटो मागवले. भाऊ म्हणाला, "ताय, बाहेरचा फोटोग्राफर कशाला? घरात तू हायस ना."

बाबा शेतावरचे पंप दुरुस्त करायचे. त्या गाडीच्या मागे हत्यारांची पेटी बांधून ते नागोठण्यापर्यंतची गावं फिरत. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'व्हय'. पाणी पाहिजे? व्हय. दुखतंय का? व्हय. गाडी पडवीत गंजत पडली होती. भाऊ कंपनीत फिटर, लोखंडाचं त्याला लहानपणापासून वेड. एका सुट्टीच्या दिवशी त्याने बाबांसमोर बसून विचारलं, "बाबा, ही कापून नवीन बनवू का?" बाबा म्हणाले, "व्हय." भावाने आनंदाने मला फोन केला. मी 'बरं' म्हटलं, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ कामात लक्ष लागलं नाही.

पहिले फोटो साफ फसले. मी नवरीचे काढते तसेच काढले होते, उभ्याने, जरा वरून, मागे हिरवं शेत. मासिकाच्या संपादकांचा फोन आला. गाडी खेळण्यातली दिसते, म्हणाले. हँडलमधून विजेचा खांब उगवलाय. "आणि टाकीवर लाल ड्रेस घातलेली एक बाई दिसतेय. त्या तुम्हीच का?"

दुसऱ्या वेळी मी काळा ड्रेस घालून गेले. गावात भाताची एक बंद गिरण आहे, तिची भिंत लांबलचक आणि करड्या रंगाची. ऊन यायच्या आधी गाडी तिथे नेली आणि भिंतीपासून बरीच पुढे उभी केली, म्हणजे मागचे पोपडे धूसर होतील. कॅमेरा इंजिनाच्या उंचीवर हवा होता, म्हणून सरळ जमिनीवर पालथी पडले. गाडी हलवली की भाऊ मऊ फडक्याने बोटांचे ठसे पुसायचा. चकचकीत टाकीत सगळं जग दिसतं. त्यावर उपाय म्हणून आईला पांढरी चादर धरून बाजूला उभं केलं. चादर जरा तिरपी झाली आणि टाकीवर उजेडाची एक लांब, स्वच्छ रेघ उमटली.

"किती येळ धरू गो?" आई म्हणाली. "खांदं भरून आलं."

"हलू नको, आये. झालंच."

त्या रेघेमुळे मला भावाचं काम पहिल्यांदा नीट दिसलं. कुठे जोड दिला ते शोधूनही सापडत नव्हतं. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण पेटीचा कॅरियर जिथे असायचा तिथे आता काहीच नव्हतं. सीट हवेतच संपत होती.

संपादकांना आणखी एक फोटो हवा होता. वडील मुलाला चावी देताहेत असा. भावाने बाबांना रिक्षातून आणलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. खुर्ची गाडीच्या मागच्या चाकाशी ठेवली. बाबांनी गाडीकडे पाहिलं, डावा हात लांब केला आणि सीटमागची मोकळी जागा चाचपली. परत चाचपली. मग हात मांडीवर घेतला.

भाऊ उकिडवा बसला. त्याने चावी बाबांच्या डाव्या हातात दिली आणि आपला तळवा पुढे केला. मी म्हटलं, "बाबा, आता द्या त्याला."

"व्हय," बाबा म्हणाले. हात पुढे आला, भावाच्या तळव्यावर टेकला. मी बटण दाबत राहिले. पण मूठ उघडली नाही.

"बाबा, सोडा ना," भाऊ हसत म्हणाला.

"व्हय."

बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनी मूठ आवळली होती. भावाने एक बोट हलकेच सोडवून पाहिलं, ते परत मिटलं. त्याचं हसू गेलं. "राहू दे," एवढंच म्हणून तो उठला. आईने चादर खाली घेतली.

घरी येऊन फोटो पाहिले, तर सगळ्यांत चांगला तोच आला होता. कोवळं ऊन बाबांच्या गालावर, दोघांचे हात मधोमध. मूठ घट्ट धरलेली आहे हे फोटोत कुणालाही कळलं नसतं. देणाराच हात वाटत होता तो.

मी भावाला म्हटलं, "हा पाठवू नको."

"का? त्यांनी व्हय म्हटलं व्हतं."

"जेवणालाही व्हय म्हणतात आणि तोंड फिरवतात."

"म्हंजे मी काय त्यांची गाडी चोरली?" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती गंजून गेली असती गो."

तेही खरंच होतं. त्याने फोटो पाठवला. मासिकात तो पानभर आला, खाली ओळ होती, वडिलांनी विश्वासाने सोपवलेली गाडी. गावातले लोक बघायला आले, आईने सगळ्यांना चहा केला. भाऊ त्या दिवशी दुसरी शिफ्ट मागून घेऊन कामावर गेला.

पुढे अलिबागला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. बाबांना वडखळमार्गे मीच घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "यांचा 'व्हय' होकार समजू नका. तोंडातून तेवढंच निघतं. दोन वस्तू समोर ठेवा आणि हात कुठे जातो ते बघा." आईने घरी दोन शर्ट समोर धरले. बाबांनी पांढरा ढकलून दिला, चौकडीचा जवळ ओढला. झटका आल्यापासून आम्ही त्यांना बाहेर नेताना पांढराच घालत होतो.

 पुढच्या रविवारी भावाने माझ्याकडून दोन फोटो मागून घेतले, एक जुन्या गाडीचा, एक नव्या गाडीचा. ते घेऊन तो बाबांच्या खाटेकडे निघाला, तेव्हा आईने त्याचा हात धरला.

"नको विचारू," ती म्हणाली. "त्यांनी जुनीवर हात ठेवला, तर आणून देनार हायस काय?"

भाऊ तसाच उभा राहिला. मी काहीतरी बोलावं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.  त्याने दोन्ही फोटो माझ्या हातात परत दिले, बाह्या दुमडल्या आणि बाबांना आंघोळीला घेऊन गेला.