उपासाला न चालणारी गोळी

दर मंगळवारी मी शटर वर करायच्या आत ते पायरीवर येऊन बसलेले असतात. नाव चिठ्ठीवर आहे, पण सेलूच्या माझ्या मेडिकलवर ते मंगळवारचे काका. टोपी काढून मांडीवर ठेवायची, तळहात छातीवर दाबायचा आणि म्हणायचं, "लय धडधडायलंय. ही गोळी लागू पडंना, दुसरी द्या."

गोळी बीटा ब्लॉकरची. रक्तदाब उतरवते, हृदयाचे ठोके आवरते. पण डॉक्टरांनी सांगितलीय तशी रोज घ्यावी लागते. मनानंच सोडली की ठोके पुन्हा उधळतात, कधी जिवावरही बेततं. हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की घरात माझ्या बायकोलाही पाठ झालंय.

परवा मात्र माझं डोकं फिरलं. "काका, खरं सांगा, काल घेतली होती का?"

"काल सोमवार न्हवता का? उपासाला गोळी चालती व्हय?"

"साबुदाणा चालतो, चहा चालतो, गालात तंबाखू चालते, आणि गोळीच तेवढी चालत नाही?"

"तंबाखू आमी थुकतो की," ते शांतपणे म्हणाले.

मी काउंटरवर कपाळ टेकलं. मग हात जोडून विचारलं, "एवढा कडक उपास धरलाय तरी कशासाठी?"

त्यांनी माझी कीव आल्यासारखं पाहिलं. तळहात अजून छातीवरच होता.

"ह्याच्यासाठीच की. ही धडधड थांबावी म्हनून तर महादेवाचे सोमवार धरलेत."