चार पानांचं स्वप्नशास्त्र

आमच्या गल्लीच्या टोकाला बाइंडरकाकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीशी लांब टेबल आणि टेबलाशी काका. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे येतात आणि नवा पुठ्ठा, नवं कापड लेवून परत जातात. काकांची साठी उलटली आहे. बोटांवर खळ कायमची वाळलेली असते, त्यामुळे त्यांनी हात हातात घेतला की सोडवून घ्यायला क्षणभर वेळ लागतो.

काकांचं वाचन दांडगं, पण त्याची एक रीत आहे. शिवायला घेतलेलं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत सुटं होतं. अशा गठ्ठ्याला ते फर्मा म्हणतात. फर्मा उचलला की पहिलं पान दिसतं, सुई घालायला मध्ये उघडला की मधली दोन आणि खाली ठेवताना शेवटचं. एवढी चार पानं काका मन लावून वाचतात. उरलेली बारा वाचत बसले तर वाचनालय दुसरा बाइंडर शोधेल. त्यामुळे मधमाश्या नाचतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे; कशासाठी नाचतात ते पुढच्या पानावर होतं. कुठल्याशा राजाला तुरुंगात टाकलं याचं त्यांना अजून वाईट वाटतं. तो सुटल्याचं त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे स्वप्नांच्या मानसशास्त्रावरचं एक जाडजूड पुस्तक आलं. पहिल्याच फर्म्यात त्यांना हवं ते सापडलं: माणूस जी इच्छा मनात दाबून ठेवतो, ती वेष पालटून स्वप्नात येते. झालं! काकांनी सुई खाली ठेवली आणि गल्लीची स्वप्नं हातात घेतली.

पहिला बळी शेजारचा शिंपी. त्याला स्वप्न पडलं होतं, की आपण हत्तीच्या विजारीचं माप घेतोय आणि टेप पुरत नाही.

"मोठं दुकान काढायची इच्छा आहे तुमची," काका म्हणाले. "दाबून ठेवलीत."

"इच्छा कसली डोंबलाची! काल नातवाला हत्ती दाखवायला नेलं होतं."

"तो वेष झाला. आत काय आहे ते बघा."

"आत हत्तीच होता हो काका."

दिवसभरात पाहिलेलं-ऐकलेलं रात्री डोक्यात घोळतं आणि मेंदू त्याची आवराआवर करताना काहीतरी गोष्ट जुळवतो, असंही काही शास्त्रज्ञ मानतात. तेही त्याच पुस्तकात होतं. पण बारा पानांत.

इथवर सगळी गंमतच होती. मग एका सकाळी चहा पिताना काकूंनी आपलं स्वप्न सांगितलं. काकू दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसतात. बोलणं मोजकं आणि स्पष्ट.

"मी पिशवी घेऊन निघाले आणि बाहेरून कडी लावली. तुम्ही आतून हाका मारताय. आणि मला इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू!"

एवढं बोलून त्या आंघोळीला गेल्या. काकांचा चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून काका बदलले. भांडी घासू लागले. ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर घालू लागले. काकूंनी एक वाक्य बोलावं आणि काकांनी ते पूर्ण ऐकावं, असं त्या घरात बत्तीस वर्षांत प्रथमच घडत होतं.

नवव्या दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही हे सगळं वाचा. सगळं म्हणजे सगळं. आणि ती मला सोडून जाणार का, तेवढं सांगा."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून ते गिळलं. माणूस नीट झोपलेला नव्हता. मी दोन दिवसांत पुस्तक वाचून काढलं आणि दुपारी दुकानात गेले.

"काका, तुमच्या त्या वाक्यानंतर दोनच पानांवर लिहिलंय, की स्वप्नाचा अर्थ परक्यानं परस्पर लावायचा नाही. ज्याला पडलं त्यालाच विचारायचं, यावरून तुला काय काय आठवतं?"

"म्हणजे तिला विचारायचं?"

"हो."

"आणि ती खरं बोलली तर?"

तेवढ्यात काकूच आल्या. दवाखान्याची जेवणाची सुट्टी झाली होती आणि हातात काकांचा डबा होता. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुम्ही आहात. यांना काय झालंय ते मला सांगा. अकरा दिवस भांडी घासताहेत! मी दवाखान्यातले सगळे केसपेपर उलटेपालटे केले, यांचं नाव कुठे सापडतंय का म्हणून. काय दुखतंय, ते लपवू नका."

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले. हातातला पुठ्ठा त्यांनी उगाच फिरवला. "अगं, ते तुझं स्वप्न. कडी लावलेलं. त्यावरून तुला काय आठवतं?"

काकू स्टुलावर बसल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "ताईचं घर."

"जायचंय तुला?"

"हो."

काका एकदम म्हातारे दिसले. "कायमचं?"

"कायमचं कशाला? आठ दिवस. एकटीनं. तुम्हाला घेऊन गेले की तिसऱ्या दिवशी, माझी पुस्तकं, माझी पुस्तकं, सुरू होतं तुमचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तीनदा. पहिलं वाक्य ऐकता आणि पुढचं स्वतःच ठरवता तुम्ही."

म्हणजे सिद्धांत अगदीच चुकला नव्हता. जायची इच्छा आहे हे काकांनी बरोबर ओळखलं होतं; ती आठच दिवसांची आहे, एवढंच राहून गेलं होतं. मी घाईघाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघाले. नवरा-बायको इतक्या वर्षांनी बोलत असताना तिसऱ्यानं बसू नये.

पुढच्या सोमवारी काकू गेल्या. पिशवी काकांनीच स्टँडपर्यंत नेली. सहाव्या दिवशी ते माझ्या दारात उभे. चेहरा समाधानी, पण कुठेतरी सल.

"फोन केला होता. मीच म्हटलं, हवं तर अजून चार दिवस राहा."

"छान केलंत. मग?"

"हो म्हणाली." काका थोडे घुटमळले. "लगेच म्हणाली हो, बाई. जरा आढेवेढे तरी घ्यायचे!"