प्रधानाची तेरवी

माझी लेक मोबाइलवर एक मालिका पाहते. राजवाडा, पंख असलेला अजगर, सिंहासनावर डोळा ठेवून बसलेले चार चुलते आणि काळ्या झग्यातली एक मंतरलेली बाई. परवा तिचा लाडका राजपुत्र कड्यावरून खाली पडला. लेकीच्या डोळ्यांत पाणी. मी भाजी निवडत होते. विचारलं, "तोंड दाखवलं का त्याचं?"

"कोणाचं?"

"पडल्यावर. मेल्याचं तोंड."

"नाही. धुकं दाखवलं नुसतं."

"मग रडू नको. येतो तो परत."

चौथ्या भागात राजपुत्र दाढी वाढवून परत आला. तेव्हापासून लेक मला खोलीत येऊ देत नाही. जावई म्हणतात, आईंना सगळं आधीच कसं कळतं? मी मान डोलवते आणि मोठेपणा घेते. पण ही विद्या माझी नाही. ज्या बाईकडून ती मिळाली, तिने जन्मात एक भागही पाहिलेला नव्हता. आमच्या कापसाचा एक हंगाम तिच्यामुळे घरात आला, आणि माझी अब्रूही वाचली.

मी चिखलीची, म्हणजे घाटावरची. लग्न होऊन आले वरवट बकालला, घाटाखाली. अंतर म्हणाल तर दोन एसट्या बदलायचं, पण सासरी माझ्याकडे विलायतेहून आणल्यासारखं बघायचे. चिखलीत आमचं दुकान होतं. कापूस मी बाजारात गाड्यांवर लादलेला पाहिला होता, झाडावर नाही. पहिल्या वेचणीला मी कमरेला ओटी बांधून मोठ्या ऐटीत शेतात उतरले आणि तासाभरात दहाही बोटं बोंडांच्या काट्यांनी रक्ताळून बसले. माझ्या ओटीत कापूस कमी आणि पाचोळा जास्त. सासूबाईंनी ओटी उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे काय वेचलं वं? उशी भरून राह्यली काय?"

वेचणाऱ्या बाया इतक्या हसल्या की दोघी तिघी धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, बसल्या.

म्हणून मला घरकामाला ठेवलं. दुपारी भाकरी घेऊन शेतात जायचं एवढाच माझा शेतीशी संबंध. आणि घरात होता टीव्ही. आमच्या आळीत तीन टीव्ही होते, त्यातला एक आमचा, काळा-पांढरा. रविवारी सकाळी त्याच्यावर एक मालिका लागायची. एक राज्य, एक म्हातारा राजा, दोन राण्या, आणि एक प्रधान, ज्याला राजाला मारून गादीवर बसायचं होतं. शिवाय एक जादूचा आरसा. सगळे रविवारी टीव्हीपुढे, आणि वेचणाऱ्या बाया रविवारी शेतात. कापूस फुटला की त्याला रविवार कळत नाही.

एका रविवारी भाकरी घेऊन गेले तर बायांनी सहज विचारलं, काय पाहून आली? मी सांगायला लागले. मला वाटलं पाच मिनिटांत संपेल. पण जेवण झालं, बाया उठल्या, पातीला, आपापल्या वेचायच्या ओळीला, लागल्या आणि म्हणाल्या, "चाल संग, सांगत सांगत चाल." मी त्यांच्या मागे मागे तासांतून, झाडांच्या रांगांमधून, चालत राहिले. दूध, विष, राणी, पडदा. संध्याकाळी सासूबाईंनी गाठोडी पाहिली. रोजच्यापेक्षा दोन जास्त होती. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाकरी घेऊन लवकर येजो. अन् ते राजाचं उरलं असन त तेबी आणजो."

अशी मी कामाची ठरले. एका भागाची गोष्ट मी आठवडाभर पुरवायची. वेचणीच्या दिवसांत बायांसाठी शेतकऱ्यांत ओढाताण असते. ज्याच्या शेतात टोळी गेली त्याचा कापूस घरात, बाकीच्यांचा झाडावर लोंबत. आमच्या धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याने बोरीच्या झाडाला रेडिओ टांगला, दोनदा चहा देऊ केला, तरी टोळी आमच्याकडेच. मी मनातल्या मनात स्वतःला राजदरबारातली भाट समजायला लागले होते.

टोळीची म्होरकी एक साठीची बाई होती. उंच, काटकुळी, दोन्ही हातांनी वेचायची. हात तिचे बोंडाला शिवले की नाही कळायचं नाही, बोंड रिकामं झालेलं दिसायचं. ती गोष्ट ऐकताना वर बघायची नाही. पण मधेच एखादा प्रश्न टाकायची.

"दूध कोणं आणलं?"

"दासीनं."

"नवी दासी का जुनी?"

मी आठवायची. "नवी."

"मंग इष हाये त्यात. जुन्या दासीच्या हातून इष देत नाईत. ते राजाले पोरावानी पाहाते."

आणि पुढच्या रविवारी विष असायचंच. कधी विचारायची, "पडदा हालला काय?" हालला म्हटलं की, "कोणी आयकून राह्यलं मांगं." कधी, "आंगठी दोनदा दाखवली? मंग त्या आंगठीत काईतरी हाये. एकदा दाखवली त दागिना, दोनदा दाखवली त दगा." मी थक्क व्हायची. मी डोळ्यांनी पाहत होते आणि मला दिसत नव्हतं. ती कापसाच्या पऱ्हाटीत मान घालून होती आणि तिला अख्खा राजवाडा दिसत होता, कोणत्या भिंतीमागे भुयार आहे तेसुद्धा.

एकदा विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो हे?"

"कळाचं काय त्यात? इतके दिस लोकाईच्या वाड्यात काम केलं. मालकाच्या मनात काय हाये हे घरच्याईले शेवटी कळते. चहा आणणाऱ्या बाईले पहिले."

आणि मग तो शनिवार आला. आमच्या आळीला वीज देणारी डीपी जळाली. टोळीतल्या बाया राहायच्या नाल्यापलीकडे. त्यांची डीपी वेगळी, त्यांच्याकडे लाइन होती, टीव्ही नव्हता. आमच्याकडे टीव्ही होता, लाइन नव्हती. रविवारी सकाळी मी काळ्या काचेपुढे अर्धा तास बसले. काचेत माझंच तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावर काय लिहिलं होतं ते वाचायला जादूचा आरसा लागत नव्हता.

त्यात आभाळ भरून आलेलं. अवकाळी पावसाचं आभाळ. शेत पांढरंशुभ्र फुटलेलं, चार दिवसांचा वेचा. त्यावर पाणी पडलं तर कापूस काळवंडणार, मातीत जाणार. सासूबाई धुऱ्यावर उभ्या राहून एकदा आभाळाकडे आणि एकदा बायांकडे बघत होत्या. पलीकडचा रेडिओ त्या दिवशी जरा जास्तच मोठ्याने लागला होता.

भाकरी ठेवली तशी बाया म्हणाल्या, "हं, सांग."

खरं सांगायला पाहिजे होतं. लाइन नव्हती, पाहिलं नाही, एवढी चार शब्दांची गोष्ट. पण मी सासूबाईंकडे पाहिलं. तोंडातून निघालं, "प्रधान मेला."

एकच कल्लोळ. "मेला? कसा मेला?"

आता माघार नव्हती. मी सांगितलं, की राजासाठीचं विषाचं दूध चुकून प्रधानच प्याला. इथपर्यंत ठीक होतं. मग त्याची चिता रचली. इथेही ठीक. पण बाया पातीला लागून ऐकत होत्या, हात सपासप चालत होते, आणि मला थांबवेना. चितेनंतर काय? राजवाड्यात मेल्यावर काय करतात ते मला काय माहीत! मला माझ्या आजेसासऱ्यांचं माहीत होतं. म्हणून मी प्रधानाचा दहावा नदीवर केला, पिंड ठेवले, आणि मग तेरवी. सोन्याच्या खांबांच्या महालात पंगत बसवली. वरण, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. धाकटी राणी वाढायला. दोन बायांनी पदराने डोळे पुसले. प्रधान दुष्ट होता, पण तेरवी चांगली झाली.

म्होरकीने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, आज मी जिंकले.

बाजाराच्या दिवशी टोळीतल्या एकीची बहीण तिला भेटली. बहिणीच्या गावात लाइन होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंबरोबर शेतात पोचले तेव्हा बाया धुऱ्यावर ओळीने उभ्या. कोणीच ओटी बांधलेली नाही.

"काऊन वं सुनबाई," जिची बहीण भेटली होती ती म्हणाली, "तुहा प्रधान त बुरजावर उभा राहून हासून राह्यला म्हणे. रविवारीच. माह्या बहिणीनं पायलं."

"व माय! अन् आपण त्याची तेरवी जेवलो!"

"आलू-वांग्याची भाजीबी होती."

"घाटावरची हाये बाप्पा ते. तिकडं जित्याचीच तेरवी करत असतीन."

हसल्या, पण हसणं कोरडं होतं. अर्धा हंगाम या बाया माझ्या शब्दावर पात धरून चालल्या होत्या, त्यांना मी फसवलं होतं. पलीकडून शेतकऱ्याच्या बाईने हाक मारली, "या वं इकडं, चहा मांडला!" दोघी वळल्यासुद्धा. आभाळ गुरगुरलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या, त्यापेक्षा वाईट, त्यांना माझी कीव आली होती. मी तोंड उघडलं, कबूल करायलाच.

तेवढ्यात म्होरकी पुढे आली. "थांबा वं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "सुनबाई, दहाव्याले पिंड ठेवला होता म्हणाली ना तू?"

"हो."

"कावळा शिवला काय?"

मला समजेना. मी कावळ्याबद्दल बोललेच नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे स्थिर होते, बोंडावर असतात तसे.

"नाही," मी म्हटलं. "नाही शिवला."

"किती वाट पायली?"

"दिवस मावळेपर्यंत."

ती बायांकडे वळली. "घ्या. कावळा कसा शिवन? प्रधान मेला कुठं? त्यानं दुसऱ्याले आपले कपडे घालून पुढं केलं. जाळला तो दुसराच. अन् हा बुरजावर उभा राहून हासून राह्यला, का पाहा, सारं राज्य माही तेरवी जेवलं!"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग जिची बहीण भेटली होती तीच ओरडली, "हाव ना! म्हणूनच तोंड झाकलं असन चितेवर!"

"झाकलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"मंग माह्या बहिणीले काऊन नाई समजलं?"

"तुह्या बहिणीनं हासणं पायलं," म्होरकी ओटीची गाठ मारत म्हणाली, "कायले हासला ते नाई पायलं. चाला, पाणी येऊन राह्यलं."

आणि बाया पातीला लागल्या. वळलेल्या दोघी परत फिरल्या. त्या दिवशी जे हात चालले तसे मी पुन्हा पाहिले नाहीत. माझ्याही कमरेला सासूबाईंनी ओटी बांधली, आणि मी म्होरकीच्या शेजारच्या तासात उतरले.

बऱ्याच वेळाने ती खालच्या आवाजात म्हणाली, "लाइन नोती ना तुमच्या आळीत?"

माझा हात काट्याला लागला. "तुम्हाला कसं माहीत?"

"रविवारी पायटे जवारी घेऊन तुमच्या गिरणीवर गेलती. गिरणी बंद. लाइन नाई म्हणे."

"म्हणजे मी सांगत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं? सगळं?"

"हाव."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिने पुढचं बोंड रिकामं केलं. "गोष्ट चालू होती," एवढंच म्हणाली.

पाऊस दोन दिवसांनी आला. कापूस तोवर घरात होता.

पण माझी सुटका झाली नव्हती. टीव्हीवर प्रधान कधी मेलाच नव्हता, त्यामुळे टीव्ही पुढच्या रविवारी आपल्या वाटेने गेला. आणि शेतात बायांचा एकच प्रश्न, "जाळला तो कोण?" टीव्हीला या प्रश्नाची गंधवार्ता नव्हती. रोज दुपारी मी टीव्हीतला प्रधान आणि आमचा जळलेला माणूस यांची मोट बांधायची, आणि जिथे अडायची तिथे म्होरकी मान खाली घालून एक वाक्य टाकायची. प्रधानासारखा दिसणारा कोणी गरीब होता. एक दिवस त्याला कपडे दिले, दूध दिलं. त्याला वाटलं नशीब उघडलं. त्याची माय त्याला शोधत दूर गावाहून निघाली. वाटेत राजाच्याच शेतात कापूस वेचायला लागली.

मालिकेतली माणसं तेव्हा मला पुठ्ठ्याची वाटायला लागली. काळ्या-पांढऱ्या काचेत एवढे मुकुट होते, आरसे होते, विजा कडाडत होत्या. पण त्या जळलेल्या माणसाच्या मायीचा विचार त्यातल्या कोणाच्याही मनात आला नव्हता. तो आमच्या पऱ्हाटीत आला.

शेवटच्या वेच्याच्या दिवशी झाडावर थोडाच कापूस उरला होता, दुपारपर्यंत संपला असता. पण बाया रेंगाळत होत्या. एकेक बोंड चार बोटांनी उकरत होत्या. माय राजवाड्याच्या दाराशी पोचली होती, आणि प्रधान, तिच्या लेकासारखंच तोंड घेऊन, पायऱ्या उतरत होता.

आता गोष्ट म्होरकीच सांगत होती. ती इथे थांबली. एका बोंडातून धागा काढत राहिली. सगळ्या शेतातले हात थांबले.

मी धुऱ्याकडे पाहिलं. सासूबाई तिथे उभ्या होत्या. रोज त्या ओरडायच्या, हात चालवा वं म्हणून. आज त्या झाडांच्या दोन रांगा ओलांडून आत आल्या, पदर सावरला, आणि मला नाही, म्होरकीलाच विचारलं,

"मंग? वळखलं काय मायीनं?"